टप उघडणारी दोन सीटची गाडी गावात आणायच्या आधी

किंमत, रंग, पिकअप हे सगळं नंतर पाहू, आधी एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी आणि लाकडाचे दोन गुटके घ्या. बीएमडब्ल्यूची झेड-फोर म्हणून जी दोन सीटची ओपन गाडी आहे तिचा ग्राउंड क्लिअरन्स (पोटापासून जमिनीपर्यंतची उंची) ११४ मिलिमीटर, म्हणजे साडेअकरा सेंटीमीटर पण पुरते नाहीत, आणि पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचं अंतर २४७० मिलिमीटर. तर पट्टी तेवढीच लांब कापून घ्यायची, दोन्ही टोकाखाली ११४ मिलिमीटरचे गुटके द्यायचे, आणि घरापासून मोठ्या रोडपर्यंत जेवढे ब्रेकर लागतात तेवढ्या सगळ्यांवर ती पट्टी, गाडी जाईल त्या दिशेनं, ठेवून पाहायची. ब्रेकर मधात पट्टीला टेकला की गाडीचं पोट घासलं समजा. इंडियन रोड काँग्रेस म्हणून रोडचे नियम ठरवणारी संस्था आहे, तिच्या हिशोबानं ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद पाहिजे, तसा असला तर कोणतीही गाडी आरामात चढून उतरते, पण आपल्याकडं शाळेसमोर, मंदिरासमोर आणि एकदा कोणाच्या पोराला धक्का लागला त्या घरासमोर जे ब्रेकर झाले ते कोणत्याच काँग्रेसला विचारून झालेले नाहीत, गिट्टी-सिमेंटचा हातभर रुंद ढिगारा असतो आणि उंची मिस्त्रीच्या त्या दिवशीच्या मनावर.

आणि पट्टी घेऊन निघालाच आहात तर सुरुवात स्वतःच्या गेटपासून करा. नालीवर जो उतार टाकलेला असतो ना, ट्रॅक्टर चढला पाहिजे म्हणून एकदम उभा, तिथं पोट नाही तर नाक आधी घासते, कारण या गाड्यांचं तोंड पुढच्या चाकाच्या बरंच पुढं निघालेलं असते आणि जमिनीला लागूनच असते. उतार तोडून लांबवायचा तर तो शेजाऱ्याच्या जागेत जातो काय हे पण पाहून ठेवा, गाडी यायच्या आधी भांडण नको. ही मोजणी एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळा संपल्यावर करा, काहून की काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं आकसते, तिच्यावरचा रोड एका जागी राहत नाही, मे महिन्यात पास झालेला तुकडा ऑक्टोबरात नापास होऊ शकतो.

आता माणसं. दोन सीट म्हणजे दोनच, मधात सरकून बसा हा प्रकार नाही. शहरात ही गोष्ट चालून जाते, गावात गाडीवाला म्हणजे अर्ध्या गल्लीचा गाडीवाला असतो. लग्नाला जायचं, बाजाराला जायचं, तालुक्याला तहसीलमध्ये काम आहे, "जाऊन रायला का, मले बी ने", हे रोजचं आहे आणि एक सीट रिकामी दिसत असताना नाही म्हणणं लय कठीण. त्याहून मोठं काम रात्रीचं, १०८ ला फोन लागला तरी अँब्युलन्स येईपर्यंत वेळ जातो, अशा वेळी लोक तुमच्याच दारात येणार आणि या गाडीत पेशंटला झोपवता येत नाही, बसवलं तरी सोबत यायला जागा नाही. म्हणून घरात आधीच एक बोलेरो, एर्टिगा, काहीतरी पाहिजे आणि ती विकून ही घ्यायची नाही. माझं मत विचाराल तर निम्मा निर्णय इथंच होऊन जातो. दुसरी गाडी घरात आहे आणि गेट ते मोठा रोड पट्टी पास झाली, तर घ्या राजेहो, एवढ्या पैशात किती एकर वावर आलं असतं हे गणित लोक तुम्हाला सांगतीलच, ऐकून घ्या. यातलं एक जरी नसलं तर सेकंडहँड कापडी टपाची थार नाहीतर जिप्सी पाहा, थारचा क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे, ब्रेकर सोडा धुऱ्यावरून पण जाते, टपही उघडतो आणि चार माणसं पण बसतात.

घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकदा शोरूममध्ये बसवून, आणि मुख्य म्हणजे उठवून पाहा. बसताना माणूस जवळपास जमिनीवर बसल्यासारखा जातो, निघताना गुडघ्यावर जोर येतो. आई एकदा बसेल, दुसऱ्यांदा "मले एस्टीच बरी" म्हणेल.

मग कॅलेंडर घेऊन बसा आणि टप उघडा ठेवून चालवता येईल असे महिने पेनानं मार्क करा. एप्रिल-मे तर विचारूच नका, नागपूरला २३ मे २०१३ ला ४७.९ डिग्री झालं होतं, चंद्रपूर-ब्रह्मपुरी पट्टा काही मागं नसतो, काळ्या कापडाचा टप बंद ठेवला तरी एसी घामाघूम होतो आणि उघडला तर डोक्यावर ऊन घेऊन चाललो. जूनच्या मधापासून सप्टेंबरभर पाऊस. उरले कोजागिरी ते होळी, आणि हे महिने मात्र खरंच भारी असतात, सकाळी हरभऱ्याच्या वावराजवळून थंड हवा अंगावर घेत जायचं किंवा परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढायचा, त्याच्यासाठी ही गाडी घ्यायची तर मी समजू शकतो. फक्त ह्याच महिन्यात रोडवर कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि रेतीचे टिप्पर पण असतात. नव्या झेड-फोरचा टप ५० च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत १० सेकंदात बंद होतो, हे फीचर मला ब्रोशरमध्ये फालतू वाटलं होतं, वणी-चंद्रपूर साइडच्या कोळशाच्या ट्रकांमागं चालवणाऱ्याला विचारा ते काय कामाचं आहे.

सोयाबीन आणि तुरीच्या सीझनला एक वेगळी काळजी. लोक पीक रोडवरच पसरून ठेवतात, गाड्यांच्या चाकाखाली मळणी होऊन जाते, आपल्याला सवय आहे म्हणून आपण बिनधास्त घालतो. ठेंगण्या गाडीत ते वाळलं कुटार पोटाखाली अडकते आणि सायलेन्सरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा डबा) असतो लालभडक गरम, पेटायला वेळ लागत नाही. त्यामुळं कुटारावरून न्यायची नाही, गेलीच तर पुढं थांबून, खाली वाकून काडीनं काढायचं, आणि एक छोटा अग्निशामक सीटमागं ठेवायचा.

रात्रीचं तर शक्यतो टाळाच. रोही (नीलगाय) आडवा आला तर उंच गाडीत बंपर-बोनटवर धक्का जातो, ठेंगण्या गाडीत त्याचे पाय खालून निघतात आणि दोन-अडीचशे किलोचं धूड सरळ काचेवर येते, त्या काचेच्या वर तुमच्याकडं टप नाही. सीटमागं रोल बार असतात, ते गाडी उलटली तर कामाचे, वरून येणाऱ्या रोह्यासाठी नाही.

ठेवायची कुठं हा प्रश्न वाटतो त्याहून मोठा आहे. आपल्या गावात वानरं आहेत, आणि वानराला घराच्या टिनावरून उडी मारायला गाडीचा टप लय आवडतो, बोलेरोचा पत्रा चेंदला तर डेंटिंगवाला आहे, कापडी टपाला फाटा पडला तर अख्खा टप बदलायचं काम येते. त्यामुळं चारी बाजूंनी बंद शेड, शटरसकट. कडुनिंबाखाली सावली आहे म्हणून लावायची नाही, तो बारीक पाला टपाच्या खाचेत जाऊन पाणी निघायची भोकं बुजवतो. आणि भाव वाढायची वाट पाहत कापूस ज्या खोलीत भरून ठेवला तिथं तर बिलकुल नाही, कापसात उंदीर आले की पुढची वस्ती त्यांची वायरिंगमध्ये. विम्याच्या एजंटला विचारताना झिरो डेपच्या (घसारा न कापणाऱ्या विम्याच्या) पुढं जाऊन विचारा, उंदरानं वायर खाल्ली तर काय, जनावरानं टप फाडला तर काय, आणि उत्तर तोंडी नको, पॉलिसीत कुठं लिहिलं ते बोट ठेवून दाखव म्हणा.

आता कोणती. व्हिडिओ पाहून सगळ्या पोट्ट्यांना माझदाची मियाटा पाहिजे असते, १९८९ पासून चालू आहे आणि खरंच गोड गाडी आहे, पण कंपनीनं भारतात ती कधी विकलीच नाही, जुनी बाहेरून आणायची तर तीन वर्षांच्या आतली पाहिजे, उजव्या स्टिअरिंगची पाहिजे आणि वर ड्युटी, तेव्हा ते स्वप्न फोनमध्येच ठेवा. नव्यात झेड-फोर २०२३ मध्ये नव्या रूपात आली तेव्हा एक्स शोरूम ९० लाखांच्या जवळ होती, ३ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ३४० हॉर्सपॉवर, ऑस्ट्रियात ग्राझला बनून आयात व्हायची. एमजीची सायबरस्टर जुलै २०२५ मध्ये आली तेव्हा ७५ लाखांची होती, इलेक्ट्रिक, दरवाजे कात्रीसारखे वर उघडतात, गावात गर्दी नक्की. पण तिची बॅटरी ७७ युनिटची आहे, घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ३.३ किलोवॅटनं भरायला बसली तर पूर्ण दिवस-रात्र लागते, आणि मधात लाइन गेली तर तेवढं पुढं. त्यामुळं आधी महावितरणकडं घरचा मंजूर लोड किती ते पाहा, वाढवायचा अर्ज द्या, मगच शोरूमचा फोन उचला. शेतीपंपाच्या कनेक्शनवर गाडी लावायची आयडिया कोणीतरी देईलच, तिचं नाव काढू नका.

जुन्यातही मजा आहे. आपल्या देशाची सॅन स्टॉर्म होती, गोव्यात बनायची, फायबरची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसी इंजिन, अलिबागकडची चिंकारा रोडस्टर होती अँबेसेडरमध्ये लागायचं त्या इसुझूच्या १.८ इंजिनची. फायबर कोणताही कुलरवाला-बोटवाला जोडून देईल, पण काच, लाइट आणि दरवाज्याचे रबर कुठून आणणार हे घ्यायच्या आधी फोन करून पक्कं करा. जुन्या झेड-फोरमध्ये दोन प्रकार, २००८ पर्यंतची कापडी टपाची, २००९ ते २०१६ ची पत्र्याचा टप घडी होऊन डिक्कीत जाणारी. पत्र्याची आपल्या उन्हाला आणि वानरांना बरी, फक्त टप आत गेला की डिक्की ३१० लिटरवरून १८० वर येते, दोन पिशव्या आणि संपलं. कापडीवाली पाहायला गेलात तर बाटलीभर पाणी सोबत न्या, टप अर्धा उघडून मागच्या खाचेत हळूहळू ओता आणि मान खाली घालून पाहा की पाणी गाडीखाली पडते की नाही, नाही पडलं तर ते आत टप उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या मोटरीत जमा होऊन रायलं, त्या मॉडेलचा हा जगजाहीर रोग आहे. टप सलग तीन-चार वेळा उघडबंद करून पाहा, एकदा जमते, गरम झाल्यावर अडकते. या गाड्यांमध्ये स्टेपनी नसते, रनफ्लॅट टायर असतात, पंक्चर झाल्यावर ८० च्या आत ८० किलोमीटर नेता येते, पण गावातला पंक्चरवाला तो टायर रिमवरून काढू शकेल काय हे त्याला आधी दाखवून विचारा. इथेनॉलचं पण पाहा, पंपावर आता २० टक्क्याचं येते आणि जुन्या गाडीचे रबर पाइप त्याच्यासाठी बनलेले नाहीत, ते बदलायचा खर्च किमतीत धरा.

कागदांचा हिशोब थोडक्यात. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स १३ टक्के, बाहेरून आलेल्या गाडीला त्याच्यापेक्षा जास्त, नक्की आकडा आरटीओतून लेखी घ्या, डीलरच्या तोंडून नाही. १० लाखांवर एक टक्का टीसीएस (विकतानाच घेतलेला इन्कम टॅक्स) कापतात, तो रिटर्न भरून परत मागता येतो, रिटर्न भरतच नसाल तर गेला. जमिनीचा नाहीतर संत्र्याच्या बागेचा पैसा रोख पडून असेल तर तो आधी बँकेत, दोन लाख किंवा त्यावर रोख घेणं विकणाऱ्याला कायद्यानं जमत नाही. आणि जुनी घेताना आरसी बुकावरची तारीख दोनदा वाचा, १५ वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन रिन्यू करायला साध्या कारला ५ हजार लागतात, इम्पोर्टेड कारला ४० हजार, २० वर्षांच्या वर गेली की ८० हजार. स्वस्तात मिळून रायली म्हणणारा बहुतेक हेच लपवत असतो.

समृद्धी महामार्गावर पळवायची म्हणून घेणारे पण आहेत, ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून नागपूरहून ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत सलग चालू, स्पीड १२०. टप उघडून १२० ला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि दुपारी त्या सिमेंटची धग खालून येते, तेव्हा सूर्य उगवताना निघा, टायरची हवा थंड असतानाच मोजा, टायर किती वर्षांचे आहेत ते त्याच्या कडेवरच्या चार आकड्यात पाहा, शेवटचे दोन म्हणजे साल.

बंद पडली तर दोरीनं ट्रॅक्टरला बांधून ओढायची नाही, बंपर निघून हातात येतो. टूलकिटमध्ये लोखंडी हूक असतो, तो बंपरवरचं छोटं झाकण काढून आत फिरवून बसवायचा, पण तो फक्त गाडी ट्रेलरवर चढवण्यापुरता, रोडनं ओढायला फ्लॅटबेडच पाहिजे. नागपूरहून तुमच्या गावापर्यंत फ्लॅटबेडवाला येतो काय, किती घेतो, रात्री येतो काय, हे विचारून नंबर घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका.

टोकन देताना पावतीवर एक ओळ लिहून घ्या, की गाडी आमच्या गेटपर्यंत आणून, आमच्या रोडवर ट्रायल देऊन मगच सौदा पक्का, नाहीतर पूर्ण पैसे परत. जो विकणारा ही ओळ लिहायला कां-कू करते, त्याला पट्टी आणि गुटके दाखवा आणि दुसरी गाडी पाहा.