कंट्रोल व्हॉल्व्ह पाइप बघून घेऊ नका

गळीत हंगामाआधी सांगली भागातल्या साखर कारखान्यांत दुरुस्तीची धांदल असते, आणि ‘पाइप ऐंशीचा (मिलिमीटर), मग व्हॉल्व्हही ऐंशीचाच’ अशी ऑर्डर सुटते. ऑन-ऑफ व्हॉल्व्हला हे चालतं. प्रवाह हवा तेवढा कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हला नाही.

त्याची साइज ठरते केव्हीवरून (Kv, म्हणजे व्हॉल्व्हची प्रवाह सोडण्याची क्षमता). पाण्यासाठी हिशोब सोपा: ताशी घनमीटर प्रवाह भागिले व्हॉल्व्हवरच्या प्रेशर ड्रॉपचं (दाबातली घट, बारमध्ये) वर्गमूळ. ताशी २४ घनमीटर आणि ०.६४ बार ड्रॉप असेल तर २४ भागिले ०.८, म्हणजे केव्ही ३०. पन्नासच्या ग्लोब व्हॉल्व्हची केव्ही पूर्ण उघडल्यावर साधारण ४० असते, ऐंशीची १००च्या आसपास. नेमका आकडा कॅटलॉगात बघा.

ऐंशीचा बसवलात तर तो जेमतेम उघडा राहून काम करेल. मग प्रवाह सतत वर-खाली होतो, ऑपरेटर वैतागून लूप (आपोआप चालणारं नियंत्रण) मॅन्युअलवर टाकतो, आणि व्हॉल्व्हच्या आतली प्लग-सीट झिजते ती वेगळीच. नेहमीच्या प्रवाहाला ६० ते ८० टक्के ओपनिंग मिळेल असाच घ्या, कमाल प्रवाहही तपासा. पन्नासचा ऐंशीच्या पाइपला बसवायला दोन रिड्यूसर (मोठ्या-लहान मापाचे जोड) लागतील, लागू देत.

वाफ, दाट सिरप किंवा उकळीजवळचं पाणी असेल तर हे सूत्र वापरूच नका; पुरवठादाराकडून लेखी साइझिंग शीट घ्या.