बिलावरच्या देवनागरी नावात पांढऱ्या रेघा येत असतील तर
इंदुरात सियागंजातल्या एका दुकानाच्या बिलावर डॉट मॅट्रिक्स प्रिंटरने (पिना रिबनवर आपटून ठिपक्यांनी छापणाऱ्या) देवनागरी नाव छापायला बसलो, तर अक्षरांच्या मधोमध आडवी पांढरी रेघ. रिबन नवी, हेड साफ. दोष ओळींमधल्या अंतराचा निघाला.

९ पिनांच्या डॉट मॅट्रिक्सला इंग्रजी 'ए' छापायला ६५ हा एक आकडा पुरतो. त्या अक्षराच्या ठिपक्यांचा नकाशा प्रिंटरच्या रॉममध्येच (कायमच्या स्मृतीत) असतो. देवनागरी सहसा तिथे नसते, म्हणून ती चित्र म्हणून पाठवावी लागते. एक बाइट म्हणजे ८ ठिपक्यांची उभी रांग: सर्वांत वरच्या पिनेला १२८, आठवीला १. अशा रांगा शेजारीशेजारी छापून पट्टी होते ८/७२ इंच उंचीची, पण कागद मजकुराच्या हिशेबाने १/६ इंच, म्हणजे १२/७२ सरकतो. मधले ४/७२ इंच कोरे!

एप्सन पद्धतीच्या ९ पिनी प्रिंटरला आधी २७, ५१, २४ हे आकडे हुकूम म्हणून पाठवा, म्हणजे ओळींमधलं अंतर २४/२१६ इंच, पट्टीइतकंच ८/७२, होईल. नाव छापून झालं की अंतर पुन्हा १/६ इंच करायला २७, ५० न विसरता पाठवा, नाहीतर खालच्या रकमा एकमेकींना चिकटतात.

४८० रांगांच्या पट्टीच्या आधी २७, ७५, २२४, १ पाठवा; शेवटचे दोन आकडे रांगांची संख्या सांगतात (१ × २५६ अधिक २२४). रांगा नीट मोजा. कमी पडल्या तर प्रिंटर पुढचा मजकूरही चित्र समजून गिळतो.