चिमुकली आणि आजी-आजोबा एका टेबलाशी बसतात तेव्हा

बालवाडीतील मुले वृद्धाश्रमात येतात, दोन गाणी म्हणतात, टाळ्या घेतात आणि परत जातात. अशा भेटीला संयुक्त उपक्रम म्हणणे कठीण आहे, कारण तीत एक करतो आणि दुसरा नुसता पाहतो. ओळख नित्याच्या सहवासातूनच होते. अमेरिकेत सिएटल येथे १९९१ मध्ये एका वृद्धाश्रमाच्या इमारतीतच बालवाडी सुरू झाली आणि तेथे मुलांच्या व रहिवाशांच्या भेटी आठवड्यातून पाच दिवस ठेवल्या गेल्या. एवढे जमले नाही, तरी आठवड्यातील एक ठरलेला वार चुकवू नये.

सुरुवातीला तीन ते पाच वर्षांची सहा-सात मुले, तेवढेच ज्येष्ठ, दोन्हीकडची एकेक कार्यकर्ती आणि अर्धा तास पुरे. पालकांची लेखी संमती आधीच घ्यावी. सर्दी-तापात न येण्याचा नियम दोघांनाही लागू असावा. पहिल्या भेटीपूर्वी मुलांना चाकाची खुर्ची, काठी आणि श्रवणयंत्र जवळून पाहू द्यावे. भीती जाते, प्रश्न उरतात, आणि ते उरलेलेच बरे.

काम असे निवडावे की दोघांचेही एकमेकांवाचून अडेल. माझ्या मते बी पेरण्याइतके सोयीचे दुसरे काम नाही. घेवड्याचे बी मोठे असल्याने थरथरत्या बोटांतूनही सहसा निसटत नाही. ते जाडीच्या साधारण दुप्पट खोल पेरायचे, हे आजींना ठाऊक असते आणि तेवढा खळगा करायला चार वर्षांच्या मुलाचे बोट अगदी मापाचे असते. कच्चा घेवडा पोटाला बाधतो व घशातही अडकू शकतो, म्हणून बिया मोजूनच द्याव्यात. चाकाची खुर्ची खाली सरकेल इतके टेबल उंच असावे आणि मुलाला उभे राहायला भक्कम पाट द्यावा. श्रवणयंत्रातून गोंगाट फार त्रास देतो, तेव्हा गाणी बंदच ठेवावीत.

स्मृतिभ्रंश असलेल्या आजोबांना ‘मागच्या वेळी काय केलं, आठवतंय का?’ असे विचारू नये. अंकुर फुटलेली कुंडीच समोर ठेवावी. ज्येष्ठांशी बोबडे बोलणे तर कटाक्षाने टाळावे. त्याचा राग मुलांनाही येतो.

एखाद्या आठवड्यात एक खुर्ची रिकामी राहील. आजी वारल्या असतील, तर त्या गावाला गेल्याचे सांगू नये. पालकांना आधी कळवून मुलांना खरे तेच सोप्या शब्दांत सांगावे, आणि आजींच्या कुंडीला पाणी घालण्याचे काम त्यांच्यासोबत बी पेरणाऱ्या मुलाकडेच राहू द्यावे.