ईएसपी-०१ मॉड्यूलवर स्वतःचं फर्मवेअर

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत मातीचा ओलावा वायफायवरून पाठवायचा असेल, तर ईएसपी-०१ हे छोटं वायफाय मॉड्यूल स्वस्तात काम करतं. त्यावर स्वतःचं फर्मवेअर, म्हणजे चिप चालवणारा प्रोग्राम, असा चढवायचा. काळ्या बोर्डवर बहुधा १ एमबी फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) असते, जुन्या निळ्यावर निम्मीच; घेतानाच पाहा.

सगळ्यात जास्त त्रास वीजपुरवठा देतो. मॉड्यूल ३.३ व्होल्टचं आहे, ५ व्होल्ट दिले की जळतं. प्रसारण करताना क्षणभर ३०० मिलिअँपियरच्या आसपास करंट ओढतं. मॉड्यूल संगणकाला जोडणाऱ्या यूएसबी-सीरियल अडॅप्टरची ३.३ व्होल्टची पिन एवढा करंट सहसा देत नाही, म्हणून फ्लॅशिंग (फर्मवेअर लिहिणं) अर्ध्यात तुटतं आणि दोष उगाच केबलला दिला जातो. वेगळा एएमएस१११७-३.३ रेग्युलेटर लावा. मॉड्यूलच्या अगदी पायाशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच. अडॅप्टरचे सिग्नलही ३.३ व्होल्टचेच हवेत.

अडॅप्टरची टीएक्स (पाठवणारी) पिन मॉड्यूलच्या आरएक्सला (घेणारीला), आरएक्स टीएक्सला, ग्राउंड सगळ्यांचा एकच. सीएच-पीडी (चिप चालू करणारी पिन) ३.३ व्होल्टला जोडा. जीपीआयओ० (फ्लॅशिंगचा मोड निवडणारी पिन) ग्राउंडला लावून मगच वीज द्या. क्रम उलटला तर मॉड्यूल जुनंच फर्मवेअर चालवतं. ईएसपीटूल या संगणकावरच्या प्रोग्रामने आधी मूळ फर्मवेअरची प्रत काढा, मग ११५२०० बॉडवर (बॉड म्हणजे सीरियलचा वेग) शून्य पत्त्यापासून नवं लिहा. फ्लॅश वाचायचा मोड डीआउट ठेवा, तो बहुतेक चिपांवर चालतो. शेवटी जीपीआयओ० सोडवून रीसेट करा.

सुरू होताना स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर घाबरू नका: बूटचा संदेश ७४८८० बॉडवर येतो.

बागेत लावताना मॉड्यूल मांडवाच्या वर ठेवा. ओली पानं २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषतात.