गाण्याखाली ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी हे वाचा

दर आठवड्याला एखाद्या पोराचा तरी मेसेज येतो, दादा मी पण स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, लोकगीताच्या बाजाचं गातो, पुढं काय करू. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करून बोटं दुखली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. सूर-ताल, रियाज, मुखडा-अंतरा हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. येत नसेल तर आधी ते शिका, त्याला माझ्याकडं औषध नाही.

मी माढा तालुक्यातला. घरात गाणं म्हणजे आजी पहाटे जात्यावर म्हणायची ते, आणि गल्लीत गोंधळ असला की रात्रभर संबळ. कॉलेज सोडून एका शाहिरी पार्टीत झीलकरी म्हणून उभा राहिलो, चार वर्षं मागं उभं राहून ‘जी जी र जी’ केलं, मग हळूहळू एखादं गाणं पुढं येऊन म्हणायला मिळालं. आज स्वतःची पार्टी आहे, सहा जण आहोत. श्रीमंत झालेलो नाही, पण किराणा उधारीवर आणावा लागत नाही एवढं खरं.

पैशाचं आधी सांगतो कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं आणि लाज वाटते. मागच्या वर्षीची कार्यक्रमाची एक सुपारी सांगतो, १८,००० ला ठरली. गाडीचे ४,५००, ढोलकीला २,५००, हार्मोनियमला २,५००, संबळाला २,०००, दोन झीलकऱ्यांना मिळून २,०००, जेवण-चहा-पाण्याचे १,५००. राहिले ३,०००. त्यात माझं लिहिणं, चाल लावणं, फोनाफोनी, रात्री तीनला घरी येणं सगळं आलं. आणि हे कमिटीनं पूर्ण पैसे दिले तर. म्हणून इसार निम्मा घेतल्याशिवाय गाडी काढायची नाही, समोर मामा असू दे नाहीतर मामाचा आमदार. मी दोनदा रिकाम्या हातानं आलोय, वाद्यवाल्यांना स्वतःच्या खिशातून दिले, कारण वाद्यवाल्याचे बुडवले की गावोगाव नाव होतं, चांगलं नाही, दुसरं.

सीझन तुम्हाला माहीतच आहे. शिवजयंती, मग एप्रिलमध्ये भीमजयंती जी मे संपेपर्यंत चालते, मधे यात्रा-जत्रा, मग गणपती, नवरात्र. पावसाळ्यात हात रिकामे. ते दोन-अडीच महिने गाणी लिहायला वापरा, नोकरी असेल तर सोडू नका. हो, सोडू नका. ‘कलेसाठी सगळं सोडलं’ हे मुलाखतीत ऐकायला छान वाटतं, पण ज्यांनी सांगितलं त्यांच्या घरात दुसरं कुणीतरी कमावत होतं हे ते सांगत नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. बाकीचं लेखन विसरलात तरी चालेल, हे नका विसरू.

२०१६ मध्ये मी ऊसतोडीला गेलेल्या एका बाईवर गाणं लिहिलं. ती कोयत्याशी बोलते अशी कल्पना होती. शब्द अख्खे माझे, एकेक कडवं महिना महिना घेऊन केलेलं. चाल आजीच्या ओवीची, पण धृवपदाला मी वळण वेगळं दिलं होतं. तीन वर्षं कार्यक्रमात म्हणत होतो, बाया रडायच्या, पुरुष उठून बाहेर जायचे म्हणजे ते पण रडत असणार. कुणीतरी मोबाईलवर शूट केलेलं गाण्यांच्या एका कंपनीवाल्यानं बघितलं आणि फोन आला. छोटी कंपनी, जिल्ह्याच्या गावातली. ‘दादा, तुमचा एक रुपया खर्च नाही, स्टुडिओ आमचा, व्हिडिओ आमचा, ड्रोन पण लावू.’ मला तर ड्रोन ऐकूनच घाम फुटला.

रेकॉर्डिंग झाल्यावर त्यांनी एक कागद आणि एक फॉर्म दिला. फॉर्मवर रकाने होते: गायक, गीत, संगीत. मालकानं सहज विचारलं, चाल कुठली हो? मी छाती फुगवून म्हणालो, चाल आमच्या आजीची, पारंपरिक आहे. त्यानं गीत आणि संगीत दोन्हीसमोर ‘पारंपरिक’ लिहिलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला. मी बघितलं. मी बघितलं आणि सही केली! फसवलं असं पण म्हणता येत नाही. मला तेव्हा वाटलं पारंपरिक लिहिलं की गाण्याला वजन येतं, मातीतलं वाटतं, आणि स्वतःचं नाव तीनदा लिहायला कसंतरीच वाटत होतं. विनय म्हणा, मूर्खपणा म्हणा.

गाणं चाललं. हळदीत वाजायला लागलं, जे त्या गाण्याच्या विषयाला अजिबात शोभत नाही, पण असो. मला एकदाच रोख ५,००० मिळाले. मग २०२० ला लॉकडाऊनमध्ये कार्यक्रम बंद, घरी बसून मी माझ्या चॅनेलवर तेच गाणं टाकलं, कंपनीनं कार्यक्रमासाठी दिलेल्या ट्रॅकवर, म्हणजे गाण्याच्या नुसत्या वाजवलेल्या रेकॉर्डिंगवर, गाऊन. दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर कंपनीचा कॉपीराइट क्लेम. माझंच गाणं, माझाच गळा, माझ्याच घरातली भिंत मागं, आणि जाहिरातीचे पैसे त्यांना. फोन केला तर शांतपणे म्हणाले, ‘दादा, ट्रॅक आमचाय, आणि गाणं तर तुम्हीच बोलला पारंपरिक आहे म्हणून.’

इथं काय झालं ते नीट समजून घ्या, मला समजायला दोन वर्षं आणि एका वकिलाची फी लागली. एका गाण्यात चार वेगवेगळ्या वस्तू असतात. शब्द, ते लिहिणाऱ्याचे. चाल, ती बांधणाऱ्याची. गाणाऱ्याचा आणि वाजवणाऱ्यांचा वेगळा हक्क. आणि रेकॉर्डिंग, ते सहसा ज्यानं पैसे घातले त्याचं. आपण सगळ्याला मिळून ‘माझं गाणं’ म्हणतो आणि तिथंच माती खातो. मी त्यांच्या ट्रॅकवर गायलो म्हणजे त्यांची रेकॉर्डिंग वापरली, तो क्लेम बरोबरच होता. नंतर तेच गाणं नुसत्या दिमडीवर गाऊन टाकलं तर क्लेम आला नाही. पण शब्दांचं काय? शब्द माझे होते, फक्त कागदावर ते कुणाचेच नव्हते. पारंपरिक म्हणजे बेवारस, कुणीही उचलावं. उद्या दुसऱ्या कुणी ते गाणं गायलं तर माझ्याकडं विचारायला यायचं त्याला कारणच नाही.

आणि कागदावर लिहिलं होतं ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सोय अशी आहे की करारात मुदत लिहिलीच नसेल तर ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. कायमस्वरूपी हा एक शब्द आला की ती सोय गेली. म्हणून कुठलाही कागद आला की आधी हेच दोन शब्द शोधा, जगभर आणि कायमस्वरूपी. खोडून मुदत लिहायला सांगा, ३ वर्षं, ५ वर्षं. समोरचा नाही म्हणाला तर उठा. मी उठू शकलो नसतो हे मला माहितीये, सव्वीस वर्षांचा होतो आणि ड्रोन डोक्यात होता. तरी सांगतो, उठा.

पण घाबरू पण नका. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून शब्द लिहिणाऱ्याचा आणि चाल लावणाऱ्याचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून देताच येत नाही, वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला (सभासदांची रॉयल्टी गोळा करून त्यांना वाटणारी संस्था) देता येतो तेवढाच. म्हणजे सही केली तरी ते एक टोक हातात राहतं, पण तुम्ही लेखक आहात हे आधी दिसलं पाहिजे. माझ्याकडं पुरावा काय निघाला सांगू? वही नाही, वहीवर तारीखच नव्हती. २०१६ मध्ये मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवलेली कच्ची ऑडिओ, मधेच आमची म्हैस ओरडते ती. त्यानं जुना फोन फेकला नव्हता म्हणून वाचलो. वकील म्हणाले यापेक्षा चांगला पुरावा तुम्ही ठरवून सुद्धा केला नसता.

तेव्हापासून माझा नियम एकच, गाणं स्टेजवर जायच्या आधी त्याचा कच्चा ऑडिओ आणि शब्दांचा फोटो स्वतःला ईमेल. मग आयपीआरएस नावाच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व, ती गीतकार-संगीतकारांसाठी आहे, नुसत्या गायकाचं काम तिथं होत नाही. तिथं गाणं नोंदवताना शब्दांचा आणि चालीचा रकाना वेगळा असतो, दोन्ही विचार करून भरा. कॉपीराइट ऑफिसात नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, हक्क गाणं तयार झालं की आपोआप येतो, पण भांडण झालं तर नोंदणीचा कागद बोलतो. शब्द किंवा संगीतासाठी ५०० रुपये फी आहे, ऑनलाईन अर्ज भरला की कुणाची हरकत येते का म्हणून ३० दिवस थांबावं लागतं.

याची उलटी बाजू पण आहे आणि ती मला जास्त चीड आणते. जुनी ओवी, जुनं भारूड, वाघ्या-मुरळीचं पद उचलायचं, चार शब्द बदलायचे आणि खाली ‘गीत-संगीत’ म्हणून स्वतःचं नाव. ही सरळ चोरी आहे. चाल जुनी असेल तर चाल पारंपरिक लिहा, शब्द माझे लिहा, आणि कुणाकडून ऐकली ते पण लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साईटवर आहेत, तिथं गाणाऱ्या बायांची नावं आणि गावं दिलेली आहेत. एकदा जाऊन बघा म्हणजे कळेल की परंपरेला पण नाव-गाव असतं. आणि गोंधळ्यांकडून संबळ शिकणार असाल तर त्यांना पैसे द्या, नुसतं पाया पडून निघू नका.

आपल्या जुन्या लोकांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. पठ्ठे बापूराव काय, वामनदादा कर्डक काय, शेवटच्या कडव्यात नाव घालून ठेवायचे. वामनदादांची गाणी गावोगावच्या गायन पार्ट्यांनी म्हटली, पण शेवटी ‘वामन’ आलं की कळतं कुणाचं आहे ते. लोक लक्षात ठेवतात आवाज. आपलं राज्यगीत म्हटलं की शाहीर साबळेंचा आवाज सगळ्यांच्या कानात वाजतो, पण शब्द राजा बढेंचे आणि चाल श्रीनिवास खळेंची हे तुमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारून बघा किती जण सांगतात.

गुरूंबद्दल थोडं बोलतो, राग येईल कुणाला तर येऊ दे. जो गुरू तुम्हाला दुसऱ्याचा कार्यक्रम ऐकायला जाऊ देत नाही तो गुरू नव्हे, मुकादम. ‘तू लिही, मी माझ्या नावावर म्हणतो, आधी लोकांपर्यंत पोचू दे’ असं म्हणणारे मला दोन भेटले. पेटी उचलायला लावली म्हणून वाईट वाटून घेऊ नका, ती मी पण उचलली, पण गाणं उचलू देऊ नका. मला खरं शिकवलं ते पार्टीतल्या म्हाताऱ्या ढोलकीवाल्यानं, तो कधी ‘शिकव’ म्हटलं तर शिकवायचा नाही, चुकलं की नुसता थाप थांबवायचा. हजार माणसांपुढं थाप थांबली की आपोआप कळतं लय कुठं सुटली.

शॉर्टकटचं विचाराल तर रिअॅलिटी शो, रील, सगळं करा हवं तर, माझा विरोध फक्त ट्रॅकवर गाण्याला आहे. ट्रॅकवर गायची सवय लागली की समोर बाई रडायला लागली तरी तुम्ही थांबू शकत नाही, कडवं परत घेऊ शकत नाही, तो पुढं पळत असतो. पैसे वाचतात, मान्य. आमच्या अडीअडचणीत मी पण ट्रॅकवर गायलोय, आणि वर सांगितलंच काय झालं ते.

गळ्याचं पण जाता जाता. सगळे शाहीर उंच पट्टीत गातात म्हणून तुम्ही पेटीची काळी पाच पट्टी धरून बसू नका. मी तीन सीझन ओरडलो, मग सहा आठवडे डॉक्टरनं बोलायला पण बंदी घातली, बायको म्हणाली घरात पहिल्यांदा शांतता आहे. अर्धी पट्टी खाली आणा, कुणाला कळत नाही.

आणखी एक, प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, पेपरातली बातमी, सरपंचाच्या सहीचं पत्र जपून फाईल करा. सरकारची ज्येष्ठ कलावंतांची मानधन योजना आहे, वयाची ५० झाल्यावर, सध्या महिना ५,०००, आणि तिथं तुम्ही इतकी वर्षं कलेत होता हे कागदानं दाखवावं लागतं. आमच्याच पार्टीतल्या त्या ढोलकीवाल्याकडं चाळीस वर्षांचा अनुभव होता आणि कागद एक पण नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून सहा गावं फिरून पत्रं गोळा केली तेव्हा त्यांचं काम झालं.

ते ऊसतोडीचं गाणं अजून तिथं ‘पारंपरिक’ म्हणूनच आहे, पत्रव्यवहार चालू आहे. मधे आजीला विचारलं ती चाल तुला कुणी दिली, तर म्हणाली माहेरी शेजारी एक बाई होती तिची, नाव आठवत नाही, तिच्या उजव्या हाताला बोट कमी होतं एवढं आठवतं. आता त्या रकान्यात मी काय लिहू सांगा.

नवीन गाणं मात्र जवळजवळ झालंय. शेवटच्या कडव्यात नाव घालायचं ठरवलंय, आणि माझं नाव चार अक्षरी, ओवीच्या शेवटाला काही केल्या बसत नाही. दोन आठवडे झाले तिथंच अडून बसलोय.