डॅडो ब्लेड वापरताना या चुका टाळा: खाच सैल का होते, टवके का उडतात

कपाटाच्या साइडला खाच पाडली, फळी सरकवली आणि ती डुगडुगली, की पहिला संशय डॅडोवर, म्हणजे टेबल सॉला लावून रुंद खाच पाडणाऱ्या पात्यांच्या सेटवर जातो. सेट स्वस्तातला घेतला, धार गेली, कंपनीच बरोबर नाही. बहुतेक वेळा सेटचा काही दोष नसतो. चूक बटण दाबण्यापूर्वीच झालेली असते: माप भलत्याच गोष्टीचं घेतलेलं असतं, नाहीतर पाती आर्बरवर, म्हणजे ती ज्या फिरत्या दांड्यावर चढवतात त्यावर, नीट बसलेली नसतात. एक खाच पाडायला काही सेकंद लागतात. बाकीचा वेळ तयारीचा आहे आणि तो दिल्याशिवाय काम चांगलं होत नाही.

मशीन न बघता सेट घेणे

डॅडो सेट म्हणजे बाहेरची दोन गोल पाती, त्यांच्यामध्ये दोन किंवा चार दात्यांचे चिपर आणि रुंदी बारीक वाढवायला पातळ चकत्या, म्हणजे शिम. हे सगळं एकत्र लावलं की पाव इंचापासून साधारण १३/१६ इंचापर्यंत रुंद खाच एका फेरीत पडते. पण एवढा गठ्ठा मावायला आर्बर लांब हवा. अमेरिकेत एकाच कंपनीच्या दोन मशीनमध्येही इथे फरक असतो. डीवॉल्टचं डीडब्ल्यूई ७४९१ हे मशीन १३/१६ इंचापर्यंतचा सेट घेतं, त्याच घरातलं लहान डीडब्ल्यूई ७४८५ डॅडो घेतच नाही. गॅरेजमध्ये जागा कमी म्हणून लहान मशीन घ्यायचं आणि नंतर सेट मागवायचा, हा क्रम उलटा आहे. आधी मशीनचं मॅन्युअल उघडून डॅडो चालतो का, व्यास किती, कमाल रुंदी किती, एवढं वाचा.

भारतात अडचण वेगळी आहे. इथे मिळणारी बरीच पोर्टेबल टेबल सॉ युरोपच्या धर्तीवर बनलेली असतात. तिकडच्या सुरक्षा नियमांत पातं दहा सेकंदांत थांबण्याची आणि गार्ड, म्हणजे पात्यावरचं आवरण, लावून काम करण्याची अट असते, म्हणून आर्बर सहसा आखूड असतो. शिवाय अमेरिकी सेटचं भोक ५/८ इंच, म्हणजे १६ मिलिमीटरला जरासं कमी, आणि इथल्या मशीनचा आर्बर अनेकदा २५.४ किंवा ३० मिलिमीटरचा. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला बॅगेत सेट आणायला सांगणाऱ्यांनी हे आधी मोजून घ्यावं. लेथवाल्याकडून भोक मोठं करून घेणं हा उपाय नाही. सगळी पाती आणि चिपर एकाच केंद्रावर फिरले तरच खाचेचा तळ सपाट येतो. केंद्र केसभर हललं तरी तळाला पायऱ्या पडतात आणि मशीन थरथरतं.

मार्बल कटर उलटा बांधून त्यावर प्लाय कापण्याची पद्धत आपल्या साइटवर सर्रास दिसते. त्याच कटरवर दोन पाती एकावर एक लावून खाच पाडायचा मोह कोणी धरू नये. हे कटर मिनिटाला बारा हजारांच्या आसपास फेरे घेतात, त्यांचा नट एका पातळ पात्यासाठी असतो आणि हात पात्यापासून वीतभर अंतरावर असतो. खाच हवी असेल तर राउटर किंवा ट्रिमर घ्या, सरळ पट्टी क्लॅम्प करून दोन-तीन फेऱ्यांत काम करा. वेळ जास्त लागेल, पण खाच उत्तम येते.

दहा इंची मशीनला आठ इंची सेट चालतो. पण कपाटं आणि शेल्फ एवढंच काम असेल तर सहा इंची पुरतो आणि दीड हॉर्सपॉवरच्या मोटरला तो हलका पडतो. एकच पातं तिरकं बसवून डगमगत फिरवणारा वॉबल प्रकार स्वस्त मिळतो. तो घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, कारण त्याच्या खाचेचा तळ किंचित गोलसर येतो आणि फळी टेकत नाही. सॉस्टॉप, म्हणजे बोट लागताच पातं थांबवणारं मशीन, असेल तर डॅडोसाठीचं वेगळं ब्रेक कार्ट्रिज बसवावं लागतं, नेहमीचं चालत नाही.

बसवताना घाई

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

बाहेरच्या दोन पात्यांपैकी एक डावं, एक उजवं असतं आणि त्यावर तसं लिहिलेलं असतं. अदलाबदल झाली तर कडा कुरतडल्यासारख्या येतात. आता चिपर. बाहेरच्या पात्यावर कार्बाइडचे दाते असतात आणि दोन दात्यांमध्ये खोलगट जागा असते. चिपरचा दाता त्या खोलगट जागेत आला पाहिजे, दात्यावर दाता टेकता कामा नये. कार्बाइड कठीण असतं पण ठिसूळही असतं. नट आवळताना दाता दात्यावर दाबला गेला की त्याची कपची उडते आणि कळतही नाही. दोन-तीन चिपर असतील तर ते पंख्याच्या पात्यांसारखे सारख्या अंतराने फिरवून लावा, म्हणजे वजन एका बाजूला जात नाही. नट हाताने आवळा, मग एका बोटाने गठ्ठा हळूच एक पूर्ण फेरा फिरवून बघा. कुठे टकटक आवाज आला तर सोडा आणि पुन्हा लावा. त्यानंतरच पाना लावायचा.

शिमचं दुखणं वेगळंच. आर्बरवर आटे असतात, पातळ शिम त्या आट्यांत घसरते आणि नट आवळताना तिथेच चिमटली जाते. वरून सगळं ठीक दिसतं, पण गठ्ठा तिरका बसलेला असतो. शिम सरकवल्यावर ती पात्याला सपाट चिकटली आहे ना, हे टॉर्च धरून बघावं.

रुंद खाचेसाठी गठ्ठा जाड झाला की नटाला आटे अपुरे पडतात. मॅन्युअल परवानगी देत असेल तर बाहेरचा वॉशर काढून नट थेट लावता येतो. तरीही आर्बरचं टोक नटाच्या तोंडाबरोबर किंवा त्याच्या बाहेर यायलाच हवं. येत नसेल तर एक चिपर कमी करा आणि दोन फेऱ्यांत खाच पाडा. अर्ध्या आट्यावर पकडलेल्या नटाच्या भरवशावर मशीन चालू करू नका.

पाटीवरच्या आकड्यावर विश्वास

खाच फळीच्या मापाची हवी, फळीवर छापलेल्या मापाची नाही. अमेरिकेत पाऊण इंची म्हणून मिळणारा प्लाय बहुधा २३/३२ इंचाचा असतो. सेट नेमक्या पाऊण इंचावर लावला तर पाऊण मिलिमीटरहून थोडी जास्तच फट राहते. आपल्याकडे १८ मिलिमीटरच्या प्लायला आयएस ३०३ या भारतीय मानकाप्रमाणे पाच टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे १७.१ निघाला काय नि १८.९ निघाला काय, दोन्ही नियमातच. एकाच लॉटमधल्या दोन शीटमध्येही फरक सापडतो.

म्हणून जी फळी बसणार आहे तिच्याच शीटचा तुकडा हाताशी ठेवा. व्हर्नियरने तो तीन-चार ठिकाणी मोजा आणि त्यातल्या जाड मापाला सेट जुळवा. मग रद्दी प्लायवर एक खाच पाडून तुकडा बसवून बघा. अंगठ्याच्या जोराने आत जावा, खाच उलटी धरली तरी खाली पडू नये. हातोडीने ठोकावा लागत असेल तर ती खाच घट्ट नाही, चुकीची आहे. फेविकॉलसारख्या पाण्याच्या गोंदाने लाकूड थोडं फुगतं आणि इतक्या आवळलेल्या सांध्यात गोंद बाहेर ढकलला जातो, आत काहीच उरत नाही. कागदाइतकी मोकळीक पुरते.

सनमायका लावलेल्या फळीचा प्रश्न मात्र आपल्याकडचा आहे आणि त्यावर थोडं थांबायला हवं. बाहेरून एक मिलिमीटर, आतून ०.८, त्यात चिकटवणाऱ्या गोंदाचा थर, म्हणजे १८ ची फळी जवळजवळ २० ला जाते. अनेक जण सेट २० ला जुळवतात, फळी मायक्यासकट खाचेत घालतात आणि फेविकॉल भरतात. पण मायक्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला तो गोंद धरत नाही. खाचेच्या दोन्ही भिंतींवर मायका, मग पकड उरली फक्त फळीच्या टोकावर. वर्षभरात पुस्तकांच्या वजनाने सांधा हलायला लागतो आणि दोष पुन्हा खाचेला. याऐवजी खाच सहा मिलिमीटर खोल असेल तर फळीच्या टोकाकडचा तेवढाच मायका लावू नका किंवा ट्रिमरने काढून टाका. उघडा प्लाय खाचेत जातो, लाकडाला लाकूड चिकटतं आणि मायक्याची कड साइडला बाहेरून टेकते. खाचेच्या काठावर बारीक टवके उडाले असतील तर तेही या कडेखाली झाकले जातात.

कापताना

खाच आरपार जात नाही, म्हणून रायव्हिंग नाइफ (पात्यामागची उभी पट्टी) आणि नेहमीचा गार्ड काढावा लागतो. काम झालं की ते परत लावायचे, हे विसरणं हीच यातली मोठी चूक. गार्ड नाही म्हणजे हात नुसते फळीवर ठेवून ढकलायचं नाही. फळी ढकलायला मुठीचा पुश पॅड वापरा, फेन्सला (फळी जिला टेकवून सरकवतो त्या सरळ पट्टीला) फळी दाबून धरणारा फेदरबोर्ड लावा आणि पात्याच्या रेषेत उभं राहू नका. डॅडो एका वेळी खूप लाकूड उचलतो, त्यामुळे फळी मागे भिरकावली गेली तर तिचा मारही तेवढाच जोराचा असतो.

अरुंद फळीला आडवी खाच नुसत्या फेन्सच्या आधाराने पाडू नका, ती वळते. मायटर गेज, म्हणजे टेबलाच्या खाचेत सरकणारा आडवा आधार, लावा. साध्या पात्याने कापताना फेन्स आणि मायटर गेज एकत्र वापरू नये असं सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे, कारण सुटलेला तुकडा मध्ये अडकतो. खाचेत तुकडा सुटतच नाही, म्हणून इथे दोन्ही एकत्र चालतात.

फळीच्या काठाला पायरी पाडायची असेल तर पातं फेन्सला खेटावं लागतं. तिथे फेन्सवर लाकडाची जादा पट्टी क्लॅम्प करा, नाहीतर कार्बाइड ॲल्युमिनियमच्या फेन्सला लागेल.

खोली फळीच्या एक तृतीयांश पुरे, १८ च्या फळीला सहा. मधल्या पार्टिशनला दोन्ही बाजूंनी समोरासमोर खाचा येत असतील तर मध्ये फक्त सहा उरतात, हे लक्षात ठेवून त्याहून खोल जाऊ नका.

बिघाड दिसला तर

कडेला टवके उडतात: टेबलावरच्या डॅडोच्या इन्सर्ट प्लेटची (पात्याभोवतीच्या झाकणपट्टीची) फट फार रुंद आहे, लाकडाला खालून आधार मिळत नाही. प्लाय किंवा एमडीएफची नवी इन्सर्ट बनवा, ती क्लॅम्पने घट्ट धरून फिरतं पातं तिच्यातून हळू वर आणा, म्हणजे फट पात्याएवढीच राहील. व्हिनीअरच्या फळीला आधी एक मिलिमीटरची उथळ फेरी मारा, मग पूर्ण खोली. फळी बाहेर पडते त्या टोकाला मागे रद्दी तुकडा लावा.

खोली कुठे सहा, कुठे पाच: फळी वाकलेली आहे. सेटची उंची बदलू नका. पात्याच्या बरोबर वर दाब देऊन तीच फेरी पुन्हा घ्या.

तळाच्या दोन्ही कोपऱ्यांत बारीक रेघा: बाहेरच्या पात्यांचे दाते कड स्वच्छ कापण्यासाठी किंचित उंच आणि तिरपे असतात, त्यांच्या या खुणा. सांध्याला त्याने काही होत नाही. मात्र तळाच्या मध्यभागी उंचवटे असतील तर चिपरच्या उंचीत फरक आहे किंवा धार लावताना एकच पातं घासलं गेलं आहे. सेट धारेला द्यायचा तर पूर्णच द्यावा. तात्पुरते उंचवटे पटाशीने काढता येतात.

जळकट वास, काळे डाग, मोटर दमते: फेन्स पात्याला समांतर नाही, किंवा दात्यांवर राळ चढली आहे, किंवा एका फेरीत फार खोल जाताय. सागात सिलिका असते, ती धार लवकर खाते. पाती काढून रॉकेलमध्ये जुन्या ब्रशने घासा, कोरडी पुसा, मग निर्णय घ्या. कठीण लाकडात दहा मिलिमीटर खोल खाच दोन फेऱ्यांत पाडा. जुन्या दारा-खिडक्यांचं लाकूड असेल तर आधी लोहचुंबक फिरवा, एक खिळा अख्ख्या चिपरचं नुकसान करतो.

कपाटाच्या सहा मिलिमीटरच्या पाठीसाठी लांब खाच हवी असेल तर डॅडो लावायचीच गरज नाही. तीन मिलिमीटर जाडीचं, सपाट दात्यांचं साधं पातं लावा, एक फेरी घ्या, फेन्स थोडी सरकवा, दुसरी घ्या. पाठीचा प्लाय बहुधा सहाला जरा कमीच भरतो, तेव्हा दुसरी फेरी रद्दी तुकड्यावर जुळवूनच मग खऱ्या फळीवर जा.