कोळशाच्या थरातून प्राचीन हवामान कसे वाचावे

दगडी कोळसा सापडला म्हणजे तेथे एके काळी उष्ण कटिबंधातले जंगल होते, असा निष्कर्ष घाईने काढू नये. दलदलीत पडलेल्या वनस्पती प्राणवायूअभावी पुरत्या कुजण्याआधीच गाळाखाली गाडल्या गेल्या, एवढेच कोळसा सांगतो. त्यातून ओलाव्याची खात्री होते, उष्णतेची नाही.

म्हणून आधी थराखालची माती तपासावी. तिच्यात मुळांचे ठसे पसरलेले असतील, तर झाडे तेथेच वाढलेली असतात. नसतील, तर लाकूड पुराने वाहून आणले असण्याची शक्यता धरावी लागते.

त्यानंतर अश्मीभूत लाकडाचा आडवा, घासून गुळगुळीत केलेला काप भिंगाखाली पाहावा, कारण खरी उलगड येथेच होते. ब्रिटनमधील सुमारे 31 कोटी वर्षांपूर्वीच्या कोळशाबरोबर सापडणाऱ्या लाकडात वाढीची वलये सहसा ठळक नसतात, कारण ते विषुववृत्तालगत, जेथे ऋतू फारसे पालटत नाहीत, तेथे वाढले. (लेपिडोडेंड्रॉन या त्या काळच्या दलदलीतील, आता नामशेष झालेल्या वृक्षाचे खोड बहुतांशी सालीचेच असल्याने ते मात्र या कसोटीला घेऊ नये.) याउलट अंटार्क्टिकातील पर्मियन काळच्या (सुमारे 30 ते 25 कोटी वर्षांपूर्वीच्या) ग्लोसोप्टेरिस या नामशेष वृक्षांत वलये ठसठशीत आहेत: उन्हाळ्यात झपाट्याने वाढ आणि ध्रुवीय हिवाळ्याच्या अंधारात पूर्ण विराम. म्हणजे ब्रिटनची जागाच बदलली, तर अंटार्क्टिका तेव्हाही ध्रुवाजवळ होता आणि पालटले ते मुख्यतः हवामान. दोन्हीकडे कोळसाच, पण उत्तरे वेगळी.

कोळशाखालचे खडकही सोडू नयेत. ओडिशातील तालचेर येथे लहानमोठे दगडगोटे बारीक गाळात रुतलेले आढळतात. काहींच्या चपट्या बाजूंवर ओरखडे आहेत. असे घासणे हिमनदीचे, आणि 1856 मध्येच भूवैज्ञानिकांनी तसे अनुमान मांडले होते.

खंड सरकल्याचा पुरावा हवा असेल, तर महासागर ओलांडू न शकणारा जीव निवडावा. सुमारे एक मीटर लांबीचा, उथळ पाण्यात राहणारा मेसोसॉरस हा प्राचीन सरपटणारा प्राणी ब्राझील आणि दक्षिण आफ्रिका या दोन्हीकडे सापडतो; 1912 मध्ये खंडवहनाची कल्पना मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांनी अशाच साम्यांचा आधार घेतला होता.

शेवटी खडक तयार होताना त्यात नोंदल्या गेलेल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या दिशेशी पडताळा घ्यावा. त्यातून प्राचीन अक्षांश निघतो, रेखांश मात्र निघत नाही. त्यामुळे कोणता खंड कोणाच्या शेजारी होता, हे ठरवताना दोन्ही किनाऱ्यांवरचे जीवाश्म आणि खडकांचे पट्टे जुळवून पाहणे भागच असते.